जुने ग्राफिक्स कार्ड आणि नवा कर्नल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ जुने प्रोसेसर स्वीकारत नाही, त्यामुळे आंबिवली, मोहने, टिटवाळा या पट्ट्यातल्या अनेक घरांत आणि दुकानांत उत्तम चालणारे डेस्कटॉप अचानक निकाली निघाल्यासारखे झाले. इकडचे संगणक बहुतेक असेंबल केलेले. ग्राफिक्स कार्ड लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, बरेचदा सेकंडहँड. झेरॉक्सच्या दुकानातले मराठी टायपिंग, मुलांचा अभ्यास, संध्याकाळचे सिनेमे एवढे काम त्यावर भागते. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणारे आता वाढले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहिले काही महिने सुरळीत गेल्यावर एक दिवस कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, अपडेट येतो, मशीन पुन्हा सुरू होते आणि पडदा काळा राहतो. कधी चित्र येते, पण ते १०२४ बाय ७६८ चे, आणि माउस हलवला तरी प्रोसेसर धापा टाकतो. कार्ड जळाले असे समजून लोक ते भंगारात देतात. बहुतेक वेळा कार्डाला काहीही झालेले नसते.

झालेले असते ते असे. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि दर आवृत्तीत त्याच्या आतल्या जोडण्या बदलू शकतात. या आतल्या जोडण्या कायम ठेवण्याचे वचन कर्नल देत नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यामागची भूमिका मांडलेला दस्तऐवज कर्नलच्याच कागदपत्रांत आहे. नियम सरळ आहे: जो जोडणी बदलेल, त्यानेच कर्नलच्या आत असलेले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. बाहेरचा ड्रायव्हर ज्याचा, त्याने आपले बघावे. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर बाहेरचा आहे. कंपनी त्याची देखभाल करते तोवर अडचण येत नाही. तिने हात काढला की पुढच्या एखाद्या कर्नलवर तो बांधलाच जात नाही.

तारखा शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसते. जीफोर्स ८, ९, २०० आणि ३०० मालिकांसाठीच्या ३४० शाखेची शेवटची आवृत्ती, ३४०.१०८, डिसेंबर २०१९ मध्ये आली. मार्च २०२० मध्ये कर्नल ५.६ आला आणि त्यात आयओरीमॅप-नोकॅश हे जुने फंक्शन काढून टाकले गेले. प्रॉक फाइलींची रचनाही बदलली. ३४० तिथेच अडला. फर्मी पिढीच्या ४०० आणि ५०० मालिकांसाठी ३९०.१५७ नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, आणि एप्रिल २०२३ च्या कर्नल ६.३ मध्ये मेमरीच्या नोंदींना बाहेरून थेट हात लावण्याची सोय बंद झाली. फर्मीनंतरच्या केप्लर पिढीसाठीची ४७० शाखा २०२४ च्या मध्यावर थांबली. यानंतर जे चालते ते वितरणांच्या आणि स्वयंसेवकांच्या पॅचेसवर. त्यांचे उपकार मानावेत, पण त्यांच्यावर दुकानाचे काम सोपवू नये.

आता दोन स्वस्त कार्डे घ्या. जीफोर्स २१० ऑक्टोबर २००९ चे, रेडिऑन एचडी ५४५० फेब्रुवारी २०१० चे. दोन्ही एकाच वयाची, एकाच किमतीच्या पट्ट्यातली, दोन्ही अजून इथल्या कॅबिनेटमध्ये सापडतात. ५४५० चा ड्रायव्हर, रेडिऑन, कर्नलच्या आत आहे. नवा कर्नल टाका, ते निमूटपणे चालते. २१० च्या मालकाला मात्र बंद ड्रायव्हर सोडून नूव्होवर यावे लागते. नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर कर्नल २.६.३३ पासून, म्हणजे २०१० पासून, आत आहे. तो कंपनीच्या मदतीशिवाय, कार्डाचे वागणे पारखून लिहिला गेला. टायपिंग, ब्राउझर, हिशेब यांना तो पुरतो, खेळांना नाही. कार्ड आपणहून पूर्ण वेग धरत नाही, २१० च्या पिढीत तो हाताने वाढवता येतो. जीफोर्स ९०० मालिकेपासून कंपनीची सही असलेले फर्मवेअर आड आले आणि तो मार्गही बंद झाला. पंधरा वर्षांच्या कार्डाचे आयुष्य ड्रायव्हर उघडा आहे की बंद यावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

दुरुस्तीला बसताना आधी जुन्या कर्नलवर परत जावे. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणायची, प्रगत पर्यायांत जाऊन आधीचा कर्नल निवडायचा. चित्र आले, तर कार्ड शाबूत आहे हे सिद्ध झाले. नाही आले, तर बूटच्या ओळीत नोमोडसेट लिहून निदान आत शिरता येते. मग एलएसपीसीआय कमांड 'के' पर्यायासह चालवून चिप कोणती आणि ड्रायव्हर कोणता लागला आहे ते पाहावे. खोक्यावरच्या नावावर विसंबू नये. जीटी ७३० या एकाच नावाने फर्मीची चिपही विकली गेली आणि केप्लरचीही. एकीला ३९० लागतो, दुसरीला ४७०.

पुढचा प्रश्न: नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधले गेले का? हे काम डीकेएमएस करते, २००३ मध्ये डेलने आणलेली ही व्यवस्था. डीकेएमएस स्टेटस विचारले की उत्तर मिळते. कर्नलचे हेडर उतरलेलेच नसतील तर ते टाकले की प्रश्न तिथेच मिटतो. हेडर असूनही बांधणी फसली असेल, तर बिल्ड फोल्डरमधली मेक.लॉग फाइल उघडावी आणि पहिली चूक वाचावी. शेवटची वाचून उपयोग नाही, कारण बाकीच्या पहिलीतून निघालेल्या असतात. बंद ड्रायव्हर काढून नूव्होवर येणाऱ्यांची हमखास फसगत होते ती ब्लॅकलिस्टच्या फाइलीत. ड्रायव्हर गेला तरी नूव्होला मज्जाव करणारी ती फाइल मागे राहू शकते. ती काढावी आणि इनिट-रॅम-एफएस, म्हणजे बूट होताना कर्नलसोबत चढणारी सुरुवातीची फाइल, पुन्हा बनवावे.

पावसाळ्यात आमच्याकडे दिवे जातात, आणि अपडेट चालू असताना गेले तर हेच इनिट-रॅम-एफएस अर्धवट राहते. लक्षणे ड्रायव्हर बिघडल्यासारखीच दिसतात. अशा वेळी जुन्या कर्नलवरून आत जाऊन डीपीकेजीला अपुरी कॉन्फिगरेशन पूर्ण करायला सांगितले की काम होते. यूपीएस नसेल तर कर्नलचा अपडेट जोराच्या पावसात करूच नये.

उघडे ड्रायव्हरही अमर नाहीत. कर्नल ६.३ मध्येच मॅट्रॉक्स, सॅव्हेज, थ्रीडीएफएक्स यांच्या काळातले डीआरएम ड्रायव्हर काढले गेले. तेव्हा ते वापरणारे जवळजवळ उरले नव्हते. उलट दिशेचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. रेडिऑन एचडी ७७५० सारखी २०१२ ची कार्डे कर्नल ६.१९ पासून जुन्या रेडिऑनऐवजी आधुनिक एएमडीजीपीयू ड्रायव्हरवर आपोआप चालू लागली. कार्ड चौदा वर्षांचे झाल्यावर त्याला नवा ड्रायव्हर मिळाला, आणि हे काम वाल्व्हसाठी काम करणाऱ्या अभियंत्याने उघड्या कोडावर केले. एनव्हिडियानेही मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल खुले केले, पण ते ट्युरिंग आणि नंतरच्या चिपांसाठीच.

पुढची पाळी जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० यांची आहे. २०१६ ची ही कार्डे इकडे कितीतरी मुलांच्या मशीनमध्ये आहेत, आणि ५८० ही त्यांना आधार देणारी शेवटची शाखा. ५९० ने त्यांना वगळले. उबुंटू २४.०४ वर असाल तर एचडब्ल्यूई, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या नव्या आवृत्तीच्या, कर्नलच्या मागे जाऊ नका. मूळचा ६.८ कर्नल २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या घेत राहील, आणि त्याच्या आतल्या जोडण्या तोवर फारशा हलणार नाहीत. मिंट २२ सुद्धा याच ६.८ वर आले होते, २२.२ मात्र ६.१४ घेऊन आले. अपडेट मॅनेजरमध्ये ६.८ धरून ठेवता येतो. आज दुपारी वेळ असेल तर आजच ते करून टाका, आणि चालता जुना कर्नल यादीतून पुसू नका.