मूल कुणाचं? चिनी साहित्यातलं बालपण

गुओ जू नावाचा एक गरीब माणूस. घरात म्हातारी आई, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. अन्न पुरत नाही, आणि आजी आपल्या ताटातला घास नातवाला भरवते. गुओ जू हिशोब मांडतो: मूल पुन्हा होईल, आई पुन्हा मिळणार नाही. तो मुलाला जिवंत पुरायला निघतो. खड्डा खणताना सोनं सापडतं, मूल वाचतं आणि गोष्ट संपते. युआन राजवटीत संकलित झालेल्या मातृपितृभक्तीच्या चोवीस कथांमधली ही एक. पुढे शेकडो वर्षं ती सचित्र पुस्तकांतून लहान मुलांच्याच हाती दिली गेली.

1881 साली शाओशिंगमध्ये जन्मलेल्या लेखक लू शुनच्या हातीही लहानपणी ते पुस्तक आलं. चाळिशी ओलांडल्यावर, 1926 साली, त्याने त्यावर लेख लिहिला. त्यात त्याने सांगितलं आहे की ही गोष्ट वाचून तो घाबरला. घरची परिस्थिती ढासळत होती, आजी हयात होती. वडिलांनी गुओ जूचा आदर्श घेतला तर पुरला जाणार तो आपणच. तेव्हापासून आजीचे पांढरे केस बघणंही त्याला नकोसं वाटू लागलं. मोठ्यांनी रचलेली नीतिकथा ज्याच्यासाठी रचली त्याच्या जागी बसून वाचली, तर ती कशी दिसते, हे लू शुनने या लेखात दाखवलं. चिनी साहित्यात बालपणाविषयी जे उत्तम लिहिलं गेलं, ते सगळं मला या भीतीच्या आसपास घुटमळताना दिसतं. मुलाचा देह, त्याच्या वाट्याचा घास, त्याचं रक्त यांवर हक्क कुणाचा?

कन्फ्यूशियन परंपरेचं उत्तर स्पष्ट होतं. शरीर आईवडिलांकडून मिळालेलं आहे, त्याला इजा होऊ न देणं ही भक्तीची पहिली पायरी. पण त्याच परंपरेच्या कुशीत एक बंडखोर मूलही वाढलं. मिंग काळातल्या ‘फंगशन यान्यी’ या दैवतकथांच्या कादंबरीतला नेझा सात वर्षांचा असताना नागराजाच्या मुलाला मारतो. नागराज त्याच्या आईवडिलांना धरायला येतो, तेव्हा नेझा स्वतःच्याच हाताने आपला देह कापून मांस आणि हाडं त्यांना परत करतो. ऋण फिटलं. नंतर त्याचा गुरू कमळापासून त्याला नवा देह घडवतो, आणि आपलं मंदिर मोडणाऱ्या बापावर हा मुलगा भाला घेऊन धावून जातो. नेझाचं मूळ अभ्यासक आपल्या नलकूबरापर्यंत नेतात. कुबेराचा हा मुलगा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला पोचला. भागवतात उखळाला बांधलेला बाळकृष्ण ज्याला झाडाच्या रूपातून सोडवतो, तोच हा. 2025 साली नेझावरच्या दुसऱ्या चित्रपटाने ॲनिमेशनपटांच्या कमाईचे जगभरातले विक्रम मोडले. या मुलाचं चीनला वाटणारं आकर्षण चार-पाचशे वर्षांत ओसरलेलं नाही.

जुन्या कवींनी मुलांकडे मायेने पाहिलं नाही असं मुळीच नाही. ताओ युआनमिंगने आपल्या पाच पोरांपैकी एकालाही कागद-कुंचल्याची आवड नाही, अशी लाडिक तक्रार कवितेत केली. तू फू 755 सालच्या अखेरीस राजधानीतून घरी पोचला तो धाकटा मुलगा भुकेने गेल्याची बातमी ऐकायला. बाप म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटली आणि ती लाज त्याने कवितेत उघड मांडली. अठराव्या शतकातल्या ‘लाल महालातलं स्वप्न’ या कादंबरीत बाओयूच्या पहिल्या वाढदिवशी त्याच्यापुढे नाना वस्तू मांडतात, मुलाचा कल कळावा म्हणून. बाळ नेमके शृंगाराचे जिन्नस उचलतं आणि बाप कायमचा चिडतो. पुढे तोच बाप त्याला मरणाच्या दारात पोचेपर्यंत झोडपतो. तरीही या साऱ्यांत मूल हे कुणाचा तरी मुलगा म्हणूनच येतं.

ते बदललं 1918 साली. लू शुनची ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा ‘नवयुवक’ मासिकात आली. सगळा समाज माणसं खातो, असा ध्यास घेतलेल्या वेड्याला शेवटी कळतं की आपल्या लहान बहिणीचं मांस नकळत आपल्याही तोंडी गेलं असेल. कथा संपते ती अजून ज्यांनी माणूस खाल्लेला नाही अशा मुलांना वाचवा, या आर्त हाकेवर. गुओ जूच्या हिशोबाला इतकं थेट उत्तर त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

लू शुन म्हटलं की कडवटपणाच आठवतो. म्हणून त्याच्या ‘गावची जत्रा’ या 1922 सालच्या कथेजवळ मला मुद्दाम थांबायचं आहे. शहरी मुलगा आजोळी आला आहे. गावातली पोरं त्याला होडीतून रात्री नाटक बघायला नेतात. नाटक कंटाळवाणं निघतं. परतताना भूक लागते, आणि काठावरच्या शेतातल्या शेंगा चोरायचं ठरतं. एका पोराचं स्वतःचं शेत तिथेच आहे. तो उतरतो, दोन्हीकडच्या शेंगा चाचपतो आणि सांगतो की आमच्याच तोडा, आमच्या टपोऱ्या आहेत! तरी थोड्या दुसऱ्या शेतातल्याही तोडल्या जातात. होडीतच चूल पेटते, शेंगा शिजतात, टरफलं नदीत जातात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतातला म्हातारा चोरी पकडतो खरा, पण पाहुण्याला शेंगा आवडल्या हे ऐकूनच तो खूश होतो. या कथेतली मुलं कुणाच्याही मालकीची नाहीत, आणि म्हणूनच ती इतकी उदार आहेत.

याच लेखकाने ‘पतंग’ (1925) लिहिलं. धाकट्या भावाने लपूनछपून बनवलेला पतंग मोठ्या भावाने मोडून टाकला होता. मुलांसाठी खेळ हेच योग्य काम, हे त्याला फार उशिरा एका परदेशी पुस्तकातून उमगलं. मग तो माफी मागायला जातो. भावाला काहीच आठवत नाही. ज्याला आठवतच नाही तो माफ तरी कसं करणार?

त्या दशकात मुलांसाठी लिहिणंही सुरू झालं. ये शेंगताओचा ‘बुजगावणं’ हा परीकथांचा संग्रह 1923 साली आला. शेतातलं बुजगावणं सगळ्यांचं दुःख बघतं आणि जागचं हलू शकत नाही. मुलांसाठी इतकं उदास लिहावं का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला ये शेंगताओ बरोबर वाटतो. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘द क्रेसेंट मून’चा चिनी अनुवाद निघाला, आणि रवींद्रनाथांच्या प्रभावाखाली लिहिणारी बिंग शिन अमेरिकेला शिकायला जाताना छोट्या वाचकांना पत्रं लिहू लागली. फेंग त्सिकाईने तर आपलीच मुलं चितारली: ताडाच्या पानांच्या दोन पंख्यांची सायकल करून बसलेला मुलगा, स्टुलाच्या चारही पायांत बूट घालणारी मुलगी. या चित्रांत बाप मुलांसमोर नम्र झालेला दिसतो.

मात्र एकच पुस्तक निवडायचं तर मी श्याओ होंगचं ‘हुलान नदीच्या कथा’ निवडेन. 1911 साली ईशान्य चीनमधल्या हुलान इथे जन्मलेल्या या लेखिकेने युद्धापासून पळत हाँगकाँग गाठलं, 1940 साली तिथे हे पुस्तक पूर्ण केलं आणि जानेवारी 1942 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ती तिथेच वारली. पुस्तकातली छोटी मुलगी आजोबांबरोबर परसात हुंदडते, तण समजून धान्याची रोपं कापते. मुलगी खिडकीचे कागद फोडते म्हणून आजी मात्र तिच्या बोटांना सुई टोचते. मग शेजारच्या हू कुटुंबात बालसून येते. वय बारा, सांगितलेलं चौदा. पहिल्याच दिवशी तिने तीन वाडगे भात खाल्ला, ती लाजत नाही, भरभर चालते, ताठ बसते. आळीला ही सुनेची लक्षणं वाटत नाहीत. वळण लावायला सासू तिला आढ्याला टांगून मारते, तळपायांना डागण्या देते. मुलगी आजारी पडते. मग भूत काढायला देवऋषी बोलावतात आणि भरगर्दीत तिला उकळत्या पाण्याच्या रांजणात बसवतात, एकदा नव्हे, तीनदा. काही दिवसांत ती मरते. यात कुणी खलनायक नाही. सासूने पै पै साठवून तिच्या उपचारावर खर्च केला आहे, शेजारणी मदतीला धावल्या आहेत. आणि हे सांगणारी पोर निवेदनात एवढंच म्हणत राहते की ती आजारी नव्हती, माझ्याशी खेळत होती. मोठ्यांच्या जगावरचं इतकं शांत आरोपपत्र मी दुसरं वाचलेलं नाही.

पुढच्या काळात मुलावरचा हक्क घराकडून राज्याकडे सरकला. यू हुआच्या ‘जगणं’ (1993) या कादंबरीत योचिंग नावाचा शाळकरी मुलगा बूट झिजू नयेत म्हणून अनवाणी पळतो. जिल्हाप्रमुखाच्या बायकोला बाळंतपणात रक्त हवं असतं. याचं रक्त जुळतं, आणि त्याचा जीव जाईपर्यंत ते काढलं जातं. मो यानच्या ‘पारदर्शक मुळा’ (1985) मधला काळा पोरगा बांधकामावर लोहाराचा भाता ओढतो, तापलेलं लोखंड हातात धरतो, कथाभर एक शब्द बोलत नाही. मो यानने स्वतः लहानपणी भाता ओढला होता, आणि 2012 च्या नोबेल व्याख्यानात त्याने या पोराला आपल्या साऱ्या पात्रांत अग्रस्थान दिलं. त्याच्याच ‘बेडूक’ (2009) मध्ये मुलांची नावं नाक, पाय अशा अवयवांवरून ठेवतात, दुष्काळात ही मुलं कोळसा खातात, आणि गावची लाडकी सुईण असलेली आत्या एक-मूल धोरण आल्यावर जबरदस्तीचे गर्भपात करत सुटते. इथे मूल जन्माला यावं की नाही, हेच सरकार ठरवतं. ते धोरण 1980 च्या सुमारास लागू झालं आणि 2015 च्या अखेरीस मागे घेतलं गेलं.

2016 साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळवणारा पहिला चिनी लेखक त्साओ वेनश्वेन याच्याकडे मी थोड्या संकोचाने येतो. ‘गवताचं घर’ मधली खेड्यातली शाळा सुरेख आहे. ‘ब्राँझ आणि सूर्यफूल’ मध्ये मुका मुलगा मानलेल्या बहिणीसाठी बर्फाच्या मण्यांची माळ करतो, तो प्रसंग विसरता येत नाही. पण त्याच्या पानांवर भूकसुद्धा देखणी होते, आणि श्याओ होंग वाचून आलेल्याला ते खटकतं.

आपल्याकडे चिनी भाषा शिकणारे तरुण आता आहेत. अनुवादाला हात घालायचा असेल तर त्यांनी ‘हुलान नदीच्या कथा’ थेट मूळ चिनीतून मराठीत आणावं. आणि तोवर ज्यांना इंग्रजीतून वाचणं जमतं त्यांनी हॉवर्ड गोल्डब्लाट यांचा अनुवाद मिळवावा. बालसुनेचं प्रकरण पाचवं आहे, पण आजोबांच्या परसातून जाणारं तिसरं प्रकरण गाळू नये.