चित्रकाराचा प्रबंध



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत ते चित्रकला शिकवीत. माझा विषय मात्र जन्मभर मराठी साहित्य. अशा माणसाने कलाशिक्षणातील संशोधन-पदव्यांविषयी बोलावे हा अनधिकार वाटेल. परंतु या विषयाचे मी एक जुने देणे लागतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी डिचोलीकडचा एक तरुण चित्रकार माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. त्याला कावी कामावर पीएच.डी. करावयाची होती, मात्र लेखी प्रबंधाच्या जोडीला एक भिंत स्वतः लिंपून, कोरून ती परीक्षकांपुढे ठेवावी असा त्याचा मानस होता. मी हसलो. म्हणालो, “भिंत ग्रंथालयात कुठे ठेवायची रे? त्यापेक्षा मंदिरांचा इतिहास लिही.” त्याने इतिहास लिहिला नाही, आणि पदवीचा नादही सोडला.

पेडणे-डिचोली हा नव्या काबिजादींचा प्रदेश. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगीज अंमलाखाली आला. जुन्या काबिजादींतील मंदिरांवर जे सोळाव्या शतकात ओढवले ते इथे टळले. मोरजीच्या मोरजाई मंदिरात कावी काम आहे. शिंपल्यांचा चुना, धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र करून ते मिश्रण मुरवायचे, कुटायचे आणि भिंतीला लावायचे. त्यावर हुरमुंजाचा, म्हणजे तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. इटलीतही थर खरवडून काम करण्याची अशीच एक रीत आहे.

मी ज्याला हसलो तोच प्रश्न इंग्लंडात तेव्हा ऐरणीवर येऊन गेला होता. १९९२ मध्ये तेथील पॉलिटेक्निकांना विद्यापीठांचा दर्जा मिळाला, त्यांच्यातील कलाशाळाही विद्यापीठीय झाल्या, आणि चित्रकाराचे संशोधन कशाला म्हणावे हे ठरविणे भाग पडले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एका निबंधात त्याचे तीन प्रकार मांडले. पहिला कलेविषयीचा : इतिहास, समीक्षा, सिद्धांत. माझ्यासारख्यांना तेवढाच ठाऊक. दुसरा कलेच्या द्वारे होणारा : साहित्यावर प्रयोग करावयाचे, त्यांची पायरीपायरीने नोंद ठेवावयाची, आणि निष्कर्ष लिहावयाचे. तिसरा कलेसाठीचा, जिथे विचार कलाकृतीतच सामावलेला असतो. या तिसऱ्याबाबत फ्रेलिंग स्वतःच साशंक होते. कलाकृती स्वतःच बोलते एवढ्या बळावर त्यांची संस्था तेव्हा संशोधन-पदवी देत नसे. मला ही सावधगिरी योग्य वाटते. उत्तम चित्राला पारितोषिक द्यावे, मानद पदवी द्यावी, एम.एफ.ए.च्या विद्यार्थ्याकडून कौशल्याची सिद्धता मागावी. पीएच.डी.ने मात्र असे ज्ञान दिले पाहिजे की जे दुसऱ्याला पडताळता येईल.

पण त्या तरुणाला तिसरे नव्हे, दुसरे करावयाचे होते, आणि हे मला कळले नाही. चुना किती दिवस मुरला म्हणजे पुरे? आपल्या दमट हवेत काव खरवडण्याची वेळ कोणती? मंदिरांची छायाचित्रे याचे उत्तर देत नाहीत. हाताने केलेल्या दहा तुकड्यांतून, त्यांतल्या फसलेल्या तुकड्यांसकट, ते मिळते. भिंत हा प्रबंधाचा पुरावा, आणि नोंदवही ही त्या पुराव्याची भाषा. मूळ पोत उरलेल्या भिंतींवर जीर्णोद्धारात फरशी बसते, सिमेंट चढते. तेव्हा या प्रश्नाला मुदतही आहे.

कोकणातील कावी कामाचे मोलाचे दस्तऐवजीकरण होन्नावरच्या कृष्णानंद कामतांनी केले. त्यांचे उच्चशिक्षण कीटकशास्त्रातले! पणजीचे कला महाविद्यालय १९७२ पासून आहे. तरीही हे काम कीटकशास्त्रज्ञाने करावे याचे मला, खरे सांगतो, आश्चर्य वाटत नाही. कलावंताला आम्ही प्राध्यापकांनीच दारातून परत पाठविले.

गेल्या वर्षी मी त्या चित्रकाराच्या घरी गेलो. आता केस पिकले आहेत. मागच्या पडवीत त्याने हातभर भिंत कोरलेली आहे. उजवी बाजू अजून घट्ट, डावीचे पोपडे सुटलेले. मी कारण विचारले. “सर, डावीकडचा चुना मी घाईत लावला,” तो म्हणाला, आणि कपाटातून त्या वर्षांच्या दोन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.