पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक

वेगाने धावणारी मोटारगाडी एकाएकी थांबविली की आत बसलेली माणसे पुढे झुकतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्याच वेळी गाडीचे नाकही खाली दबते. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून काही उंचीवर असतो. तिला थांबविणारे बल मात्र टायर व रस्ता यांच्या स्पर्शस्थानी लागते. त्यामुळे पुढच्या चाकांवरील भार वाढतो आणि मागच्या चाकांवरील तितकाच कमी होतो.

एक उदाहरण घेऊ. शर्यतीच्या एका मोटारीचे वजन १,००० किलोग्रॅम असून ते पुढे व मागे समान विभागलेले आहे. दोन आसांतील अंतर २.५ मीटर व गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर आहे. गुरुत्वत्वरणाइतक्या मंदनाने ही गाडी थांबविली, तर २०० किलोग्रॅम भार मागून पुढे जातो. म्हणजे पुढे ७०० व मागे ३०० अशी वाटणी होते. टायरची पकड भारावर अवलंबून असल्यामुळे ब्रेकचे बलही ७० : ३० या प्रमाणात असावयास हवे. पोर्शे ९११ सारख्या, इंजिन मागे असलेल्या गाडीत मूळचाच भार मागे अधिक असतो. तेथे मागच्या ब्रेकांचा वाटा मोठा ठेवता येतो.

हे प्रमाण चुकले तर काय होते? पुढची चाके आधी जखडली, तर सुकाणू फिरवूनही गाडी सरळच जाते. मागची चाके आधी जखडली, तर ती आडव्या दिशेची पकड गमावतात आणि गाडी गिरकी घेते. हा दुसरा दोष अधिक घातक होय.

१९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जॅग्वार गाडीने चकतीच्या ब्रेकांच्या साह्याने जिंकली. या ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडांमध्ये दाबली जाते. रोधक बल हे द्रवाचा दाब, दट्ट्याचे क्षेत्रफळ, चकतीची त्रिज्या आणि पॅडचा घर्षणगुणांक यांवर ठरते. यांपैकी पॅड तेवढे सहज बदलता येतात.

परंतु सहज म्हणजे निर्धोक नव्हे. वरील गाडीच्या सर्व पॅडांचा घर्षणगुणांक ०.४० आहे असे समजू. केवळ मागे ०.५० गुणांकाचे पॅड बसविले, तर ७० : ३० ऐवजी ७० : ३७.५, म्हणजे सुमारे ६५ : ३५ असे प्रमाण होते. ब्रेक अधिक तीव्र झाल्याचे चालकाला वाटते. प्रत्यक्षात मागची चाके आधी जखडू लागतात.

शिवाय घर्षणगुणांक तापमानानुसार बदलतो. शर्यतीचे पॅड बहुधा थंड असताना कमी पकडतात. पुढच्या ब्रेकांना अधिक काम पडत असल्याने ते अधिक तापतात. त्यांची पकड उष्णतेने घटली आणि मागच्यांची टिकली, तर चालत्या शर्यतीतच समतोल मागे सरकतो. म्हणून पुढच्या व मागच्या पॅडांची तुलना ज्याच्या त्याच्या कामाच्या तापमानावर करावी लागते. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना एकाच जातीचे पॅड हवेत, अन्यथा गाडी एका बाजूस ओढली जाते.

ओल्या रस्त्यावर मंदन निम्मे झाले, तर भाराची वाटणी ६० : ४० एवढीच होते. ७० : ३० वर बसविलेल्या गाडीची पुढची चाके तेव्हा आधी जखडतील. ही त्रुटी खरीच. पण गिरकी टाळणारी असल्याने ती पत्करणेच शहाणपणाचे ठरते.