कायदा गेला, संशय राहिला

सोसायटीत चोरी होते. पोलीस येण्याआधीच जिन्यात चार माणसे जमतात आणि कोणीतरी म्हणते, "मागच्या मोकळ्या जागेत पालं पडलीत ना, त्यांचंच काम!" पाहिलेले कोणीच नसते, तरी माना डोलतात. आईचे बोट धरून उभे असलेले सात वर्षांचे पोर हे सारे ऐकत असते. पूर्वग्रह मुद्दाम कोणी शिकवत नाही. तो असा कानावरून आत शिरतो.

पण जिन्यातले ते वाक्य फार जुने आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असे तेव्हाच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे. ही कल्पना त्यांना आपल्याच जातिव्यवस्थेकडे पाहून सुचली, हेही विसरायला नको. पुढे आपल्याकडचे पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट अशा अनेक जमाती या कायद्याखाली आल्या. पोलिसांच्या वहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. कित्येक कुटुंबांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहावे लागले. गुन्हा कोणता? त्या घरात जन्मणे.

शिकारीवर जगणाऱ्या पारध्याला जंगल बंद झाले होते. रेल्वे आल्यावर लमाणांच्या बैलांच्या तांड्यांना काम उरले नाही. पोटाचे साधन गेले आणि कपाळी शिक्का आला. शिक्का असलेल्याला काम कोण देणार? काम नाही म्हणून एखाद्याने चोरी केली, की गाव म्हणायला मोकळे, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" पूर्वग्रह आपला पुरावा असा आपणच तयार करतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस या जमाती विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली आणि संशयाची नजर तशीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले, तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला. तरीही विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हे पोलिसांना बजावण्याची वेळ सर्वोच्च न्यायालयावर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलीच. मधे बहात्तर वर्षे गेली होती!

आपल्या चिंचवडगावातच याला एक उत्तर उभे आहे. पुनरुत्थान समरसता गुरुकुलमध्ये पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांची मुले शिकतात. त्यामागे असलेल्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्याला त्याचा अभिमान वाटला. पण त्याच शाळेतला मुलगा उद्या मोठा होऊन आपल्या इमारतीत भाड्याने घर मागायला आला, तर?

हा प्रश्न या शहराने तरी टाळू नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ एकेक कारखाना येत गेला आणि सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भातून माणसे पत्र्याची ट्रंक घेऊन इथे उतरली. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील वा आजोबा कधीतरी इथे परकेच होते. त्यांना कोणीतरी पहिली खोली दिली, म्हणून आज आपल्या दारावर नावाची पाटी आहे.

पुन्हा कधी जिन्यात तेच वाक्य ऐकू आले, तर एवढेच विचारावे, "तुम्ही पाहिलंत का?" बोट धरून उभे असलेले पोर तेही ऐकेल.