मी असा का? मी अशी का?

मुलांनो, एक प्रश्न विचारते. खरं उत्तर मनातल्या मनात द्या, कोणी तपासणार नाही.

मधल्या सुट्टीचा गोंगाट सुरू झाला, की कुणाला कान गच्च दाबून धरावेसे वाटतात का? लग्नात बँड वाजायला लागला की सगळे नाचतात आणि तुम्ही मात्र घराच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसता, असं होतं का? मित्र हसले की आपणही हसायचं, पण विनोद काय होता ते कळलेलंच नसतं? भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर, वेळा, डबे तोंडपाठ, पण समोरच्याशी "कसा आहेस?" च्या पुढे काय बोलायचं ते सुचत नाही?

यातलं एखादं लक्षण प्रत्येकात असतं. पण काही मुलांमध्ये अशी बरीच लक्षणं एकत्र असतात, अगदी लहानपणापासून असतात, आणि त्यामुळे रोजचा दिवस जड जातो. अशा मुलांना लोक नावं ठेवतात: येडं पोर, घमेंडी, आगाऊ, हट्टी. ते मूल मात्र रात्री अंथरुणात विचार करतं, "मी असा का?"

त्या प्रश्नाचं एक उत्तर 'स्वमग्नता' असू शकतं. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात.

स्वमग्न म्हणजे स्वार्थी नव्हे

नाव जरा फसवं आहे, बरं का. स्वतःत मग्न म्हटलं की वाटतं, याला दुसऱ्याची पर्वाच नाही. तसं नसतं. कितीतरी स्वमग्न मुलांना मित्र हवे असतात. मैत्री करायची कशी, ते कळत नाही. आपण न शिकवता जे शिकतो, म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचणं, बोलताना आपली पाळी ओळखणं, "वा, फारच शहाणा आहेस!" यातला टोमणा पकडणं, ते त्यांना पाढ्यांसारखं एकेक शिकावं लागतं.

डॉक्टर मुख्य दोन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे लोकांशी बोलणं-वागणं अवघड जाणं. दुसरी म्हणजे ठरावीकपणाची ओढ: तीच वाट, तेच ताट, त्याच विषयाचा ध्यास, तीच हालचाल पुन्हा पुन्हा. आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श हे खूप जास्त किंवा खूप कमी जाणवणं हेही याच दुसऱ्या गोष्टीत येतं. शेजारचा पोऱ्या खमंग भरीत-भाकरी मिटक्या मारत खातो आणि एखाद्याला त्या गिळगिळीत वांग्याच्या नुसत्या स्पर्शानं उलटी येते. ते नखरे नसतात.

हा संसर्गाचा आजार नाही. मेंदूची जडणघडणच थोडी वेगळी असते, जन्मापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. हजार मुलांच्या शाळेत सात-आठ जण झाले की!

कोणाला बोलायला उशिरा येतं, कोणी शब्दांनी बोलतच नाही. कोणी घडाघडा बोलतो आणि वर्गात पहिला येतो. म्हणूनच काहींचं निदान दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होतं, तर काहींचं कॉलेजात गेल्यावर किंवा चाळिशीतसुद्धा.

मुली का राहून जातात?

१९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचं वर्णन लिहिलं. त्यांत ८ मुलगे आणि ३ मुली होत्या. त्याआधी १९२५ मध्ये रशियात ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशाच मुलग्यांबद्दल लिहिलं होतं, पण त्याकडे जगाचं फारसं लक्ष गेलं नाही. पुढे कित्येक वर्षं 'स्वमग्न' म्हटलं की डोळ्यांपुढे मुलगाच उभा राहायचा.

आणि आपल्याकडे? मुलगी कोपऱ्यात गप्प बसली की आपण म्हणतो, "किती गुणी आहे पोर!" काही मुली मैत्रिणीचं बोलणं, हसणं, हातवारे बघून बघून हुबेहूब उतरवतात. शाळेत कुणाला काही कळत नाही. घरी पोहोचल्यावर मात्र दप्तर टाकून ती रडते, नाहीतर चिडते. आईला वाटतं, हिला झालं तरी काय? दिवसभर मुखवटा सांभाळून ती दमलेली असते. पालकांनो, शाळेत शहाणी आणि घरी वादळ, असं रोज होत असेल तर रागावण्याआधी थोडा विचार करा.

मोबाईलवरची परीक्षा

हल्ली मोबाईलवर दहा प्रश्नांची परीक्षा असते. "तुम्ही ऑटिस्टिक आहात का?" बटण दाबलं की निकाल! मुलांनो, अशा प्रश्नांमुळे विचार सुरू झाला तर ठीक. पण तो निकाल नव्हे. ऐकू कमी येणं, लाजाळूपणा, भीती, नवी शाळा, घरातलं दुःख, एका जागी लक्ष न टिकणं, ही सगळी वरवर तशीच दिसू शकतात. 'तारे जमीं पर' या २००७ च्या चित्रपटातला ईशान आठवतो? त्याला वाचन-लेखनाची अडचण होती, स्वमग्नता नव्हती. मोठी माणसंसुद्धा यात गल्लत करतात.

आणि मित्रांनो, वर्गातल्या कुणाला "तू ऑटिस्टिक आहेस" असं चिडवायचं नाही. ती शिवी नाही आणि निदान करायला आपण डॉक्टरही नाही.

तपासणीत काय होतं?

सुई टोचत नाहीत! रक्त तपासून किंवा फोटो काढून स्वमग्नता कळत नाही. ती बघून आणि विचारून कळते. आधी बहुधा कानांची तपासणी होते. मग बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ आईवडिलांना विचारतात: पहिला शब्द कधी बोलला? बोटानं चंद्र, चिमणी दाखवायचा का? हाक मारली की बघायचा का? खेळायचा कसा? मग मुलाशी गप्पा, खेळ, निरीक्षण. आपल्या देशात त्यासाठी एक मोजपट्टी आहे, 'इसा'. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं ती तयार केली आणि २००९ मध्ये ती आली. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. इथे जास्त गुण म्हणजे पहिला नंबर नव्हे हं! एकूण ७० किंवा त्याहून जास्त झालं तर स्वमग्नता धरतात.

आपल्या खानदेशासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. घरात अहिराणी, तावडी किंवा पावरी आणि शाळेत पुस्तकी मराठी, असं असलं की मूल आधी बुजतं. दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही. पण तपासणीत प्रश्न परक्या भाषेत आले तर उत्तर चुकू शकतं. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा, "आम्ही घरी अहिराणी बोलतो. तिच्यातच विचारा, नाहीतर आम्ही समजावून सांगतो."

जायचं कुठे?

सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं. ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. वजन-उंची झाली की पळू नका, मनातली अडचण सांगा. हे पथक पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं. जळगावला २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्याही कितीतरी आधीपासून. मुंबईला 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून अशा मुलांसाठी काम करते.

जाताना लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद, शाळेच्या वह्या आणि वर्गशिक्षकांची चिठ्ठी न्या. एका फेरीत काम होईलच असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून फेऱ्या मारणं सोपं नसतं, हे आम्हा शिक्षकांना दिसतं. म्हणून पुढची तारीख लिहूनच घ्या.

पालकांसाठी चार शब्द

आईनं माया कमी केली म्हणून असं झालं, हा समज जुना आणि साफ खोटा आहे. लस दिल्यामुळे झालं, हेही खोटं. १९९८ मध्ये तसं सुचवणारा लेख ज्या नियतकालिकात आला, त्यानंच तो २०१० मध्ये मागे घेतला. स्वमग्नता घालवणारं औषध नाही. कुणी "हमखास बरं करतो" म्हणत हजारो रुपये मागितले तर उंबरठ्यावरूनच नमस्कार करा. बोलणं, खेळणं, स्वतःचं काम करणं शिकवणाऱ्या उपचारांचा मात्र खरा उपयोग होतो, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं.

निदानाच्या कागदाची भीती वाटते, "पुढे लग्नाचं काय?" पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. शाळेकडे अर्ज वेळेत करा, दहावीची परीक्षा तोंडावर आल्यावर नको.

मुंबईची जिया राय स्वमग्न आहे. २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर अंतर ती ८ तास ४० मिनिटांत पोहली. २०२४ मध्ये तिनं इंग्लिश खाडीही पार केली. पण प्रत्येक स्वमग्न मुलानं विक्रम करावा, अशी अट नाही. एखाद्यानं दुकानावर जाऊन दूध आणलं आणि सुटे पैसे मोजून घेतले, तर तोही त्याच्या घरात मोठा दिवस असतो.

तुम्ही काय करायचं?

"मी असा का?" हा प्रश्न फार दिवस मनात असेल, तर एक वही घ्या. आठवडाभर रोज दोन ओळी लिहा: आज काय जड गेलं, काय बरं वाटलं, कशामुळे. मग ती वही आई, वडील, आजी, ताई किंवा आवडत्या सर-मॅडमना द्या आणि एवढंच म्हणा, "मला हे अवघड जातं. का ते मला कळून घ्यायचं आहे." तोंडानं बोलणं जमलं नाही, तर हेच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

तपासणीनंतर डॉक्टर "हो" म्हणाले, तर तुम्ही कालचेच असता. फक्त आता मागायचं काय ते कळतं: पंख्याच्या आवाजापासून लांबचा बाक, एका वेळी एकच सूचना, गोंगाटातून दहा मिनिटांची सुट्टी. "नाही" म्हणाले, तरी तुमची अडचण खोटी ठरत नाही. मग दुसरं कारण शोधायला सांगा.

आणि तुमच्या शेजारच्या बाकावर असं कुणी बसत असेल, तर उद्या त्याला खेळायला बोलवा. खेळाचे नियम मात्र आधी नीट सांगा. नाही म्हणाला तर रागावू नका, परवा पुन्हा विचारा.