वेड्यांच्या इस्पितळाची जमीन

‘याला ठाण्याला पाठवा’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला आणखी काही सांगावे लागत नाही. पुणेकर त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. या थट्टेत थोडा निष्ठुरपणाही आहे. ज्याला तेथे धाडायचे तो संसारातून वजा झाला, असे तीत गृहीत धरलेले असते. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा इतिहास पाहिला तर सरकारी हिशेबातही हीच वजाबाकी दिसते.

मुंबईचे वेड्यांचे इस्पितळ पूर्वी कुलाब्यास होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे दाटी वाढत गेली आणि १९०१ साली ठाण्यास नौपाड्यात नवे इस्पितळ उभे राहिले. नरोत्तमदास माधवदास यांचे नाव त्यास देण्यात आले. ठाणे त्या काळी लहान गाव, भोवती मोकळी जमीन, आणि मुंबईहून १८५३ पासून आगगाडीची सोय. शहराला नकोशी झालेली माणसे ठेवण्यास याहून स्वस्त जागा कोणती मिळणार होती? पुढे ‘असायलम’ हा शब्द जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आला. पाटी बदलली, पण १९१२ चा वेडेपणाविषयीचा कायदा १९९३ पर्यंत अंमलात राहिला.

दरम्यान गावाचे महानगर झाले. एके काळी कोणाला नको असलेली जमीन सोन्याच्या मोलाची झाली. ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यान नवे रेल्वे स्थानक व्हावे, यासाठी इस्पितळाच्या आवारातील सुमारे १५ एकर जागा हवी होती. उच्च न्यायालयाने २०१५ साली हस्तांतरास घातलेली मनाई २०२३ साली उठवली. जुन्या इमारतींच्या जागी नवे रुग्णालय उभारण्याची योजनाही शासनाने हाती घेतली. स्थानकाची गरज खरी आहे. ठाण्याच्या फलाटावर सकाळी उभा राहणारा कोणीही ती नाकारणार नाही. जुन्या भिंतींविषयी हळहळ बाळगण्याचेही कारण नाही. मुद्दा आहे तो या जमिनीच्या लाभात रुग्णांचा वाटा किती, हा.

उत्तर शोधायचे तर ठाण्यात न थांबता तलासरी तालुक्यातील उधव्यापर्यंत जावे लागेल. तेथून हे इस्पितळ शंभर किलोमीटरहून दूर आहे. उधव्याच्या वारली कुटुंबातील मनोरुग्णाला घेऊन निघायचे तर आधी डहाणू रोड, मग गाडीने दादर, आणि तेथून उलट ठाणे. रुग्णाबरोबर निदान एक धडधाकट माणूस हवा. त्याची मजुरी बुडते, आणि ही खेप औषध संपेल तेव्हा पुन्हा करावी लागते. अशा घरातील माणसे आधी गावच्या भगताकडे जातात, याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. भगत पायी पोहोचण्याच्या अंतरावर असतो, हे त्याचे अर्थशास्त्र मात्र सहसा कोणी मांडत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे अंतर मान्य केले आहे. उपचारासाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, प्रत्येक जिल्ह्यात किमान सेवा असावी, आणि ती नसल्यास अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने भरून द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. तेव्हा ठाण्याच्या नव्या इमारतीचे अंदाजपत्रक मांडताना तलासरी आणि डहाणूच्या सरकारी रुग्णालयांत नियमित येणारा मनोविकारतज्ज्ञ आणि महिनाभर पुरणारी औषधे, हा खर्चही त्याच पानावर दाखवला जावा.