सड्यावरची मोजणी

सकाळचे नऊ वाजतायत आणि कातळ आत्ताच तापायला लागलाय. गणपतीपुळ्याहून निवळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, एका वाडीच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, तीसेक माणसं उभी आहेत. वाडीचं नाव लिहीत नाही, वाद अजून मिटायचा आहे. खाली मळ्यांत भात पिवळं झालंय, कापणी तोंडावर आलीय, तरी आज शेतात कुणी उतरलेलं नाही. भूमी अभिलेखचे भूकरमापक यायचे आहेत. हद्द कायम मोजणी आहे. तिची नोटीस लगतच्या कब्जेदारांनाही येते, त्यामुळे ही माणसं इथे हक्काने उभी आहेत.

जमीन घेणाऱ्याला या सड्यावर बंगल्यांचे प्लॉट पाडायचेत. विकणारे परके नाहीत, इथल्याच भावकीतले. सातबाऱ्यावर नावं होती, पोटापाण्यासाठी पिढ्यानपिढ्या मुंबईत राहिले, हिस्सा दिला. त्यांना दोष देणारं आज इथे कुणी नाही. सडा नावावर कुणाच्याही असो, गुरं सगळ्यांची चरत आली, गवत सगळ्यांनी कापलं, आणि पलीकडच्या वाडीची पायवाटही इथूनच गेली. त्या पायवाटेवर आता लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब रोवलेत. एका बाजूला जेसीबीने गवताची साल काढून टाकलीय आणि जांभा उघडा पडलाय.

मोजणीवाल्यांना वेळ लागणार असं दिसल्यावर एक आजोबा मला म्हणतात, "चला, तुमाला पानी दाखवतो."

सड्याच्या कडेने आम्ही खाली उतरतो. वाटेत कातळाच्या एका खळग्यात बोटभर ओल टिकून आहे, तिच्यात सीतेच्या आसवांची शेवटची जांभळी फुलं. पावसाच्या सुरुवातीला इथे दीपकाडी फुलते, पांढरी. कोकणच्या सड्यांबाहेर ती जवळजवळ कुठे सापडत नाही. आजोबांना ते नाव ठाऊक नाही, पण ती कुठल्या कातळावर येते हे ते हात करून दाखवतात.

दहा-बारा पुरुष उंचीएवढं खाली गेल्यावर डोंगराच्या पोटात एक कपार लागते. वर भोकाभोकांचा तांबडा जांभा, त्याखाली पांढरट, चिकट मातीचा थर. दोन्हींच्या सांध्यातून पाणी येतंय. "हात घाला," आजोबा म्हणतात. मी मनगटापर्यंत हात आत सरकवतो. आत गार अंधार आहे आणि बोटांवरून पाण्याची एक बारीक, न थांबणारी धार जातेय. बाहेर ती पोफळीच्या पन्हळीत पडते, पन्हळीतून दगडी डोणीत, डोणीतून खालच्या बागेच्या पाटात. कपारीच्या ओठाशी हळदीकुंकू वाहिलेलं आहे.

सडा हा असा चालतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी चैत्र-वैशाखात जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. पावसाचं बरंचसं पाणी उतारावरून थेट समुद्राला मिळतं. जे थांबतं, ते सड्यावर. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. खालची चिकणमाती त्याला आणखी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्याने बाहेर येतं. वर काँक्रीट ओतलं, अंगणाला फरशा बसवल्या, गटारं काढली, तर मुरायला जागा कुठे? आणि ज्या भोकांतून पाणी मुरतं, त्याच भोकांतून शोषखड्ड्यांची घाणही खाली उतरणार. बंगल्यांना बोअर लागतील ते निराळंच. सरकारी दप्तरात असल्या जमिनीला पोटखराब म्हणतात, म्हणून ती स्वस्तात जाते. माझ्या मते या वाडीची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

परत वर येतो तेव्हा मोजणी सुरू झालीय. तिपाईवर रोव्हर लावलाय, घेणाऱ्याचा माणूस छत्री धरून उभा आहे. तो सभ्यपणे सांगतो की रोजगार येईल, रस्ता येईल. एक तरुण त्याला तितक्याच सभ्यपणे विचारतो, "आणि पाणी कुठून येईल?" उत्तर मिळत नाही.

बायका पायवाटेवर ओळीने बसून आहेत. 2023 च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रं आली, तेव्हा बाया रस्त्यात आडव्या झाल्या होत्या. त्याची आठवण इथे प्रत्येकीला आहे. पुण्यात 1997 साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्या घरांपासून राखायला नागरिकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठे जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पदरात पडलं. इथून फार लांब नसलेल्या उक्षी गावात तर ग्रामस्थांनीच कातळात कोरलेला हत्ती बांध घालून जपला, आणि 2022 साली तो कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला. सड्याची किंमत कळायला दरवेळी कुणाला तरी उन्हात बसावं लागतं.

ओळीतल्या एक काकी समुद्राकडे हात करतात. "पुळ्याचा अख्खा डोंगर गणपती, म्हनून लोक डोंगराला प्रदक्षिना घालतात. तितं कोन बंगला बांदील काय? मंग आमचा सडा काय कमी हाय?" पुळ्यात आणि आसपासच्या काही गावांत चतुर्थीला घरोघरी मूर्ती बसवत नाहीत, देव डोंगरातच आहे म्हणून. त्यामुळे हे बोलणं भावनेच्या भरातलं नाही. डोंगर कसा राखायचा ते या मुलखाला माहीत आहे.

दुपारी भूकरमापक जबाब घ्यायला बसतात. वाडीत लहानाची मोठी झालेली, रत्नागिरीत वकिली शिकणारी एक मुलगी पुढे होते. रागाने बोलणाऱ्या दोघांना ती गप्प बसवते आणि एकेक मुद्दा सांगते.

"साहेब, पायवाटेची वहिवाट तुटक रेषेने नकाशात दाखवा. झरा दाखवा. डोण आणि पाट दाखवा."

"झरा या गटाच्या हद्दीबाहेर आहे," ते म्हणतात.

"पाणी ह्याच गटातून येतंय. निदान आम्ही हरकत घेतली एवढं जबाबात लिहा."

ते क्षणभर थांबतात, मग लिहितात. मुलगी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवते. 'पाण्याचा प्रवाह' हे शब्द राहिलेत, ते घालायला लावते. यामागे आहे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या कलम 5 खाली शेताची वाट किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि पायवाटेवर खांब तर आधीच उभे राहिलेत.

सह्या सुरू होतात. आजोबा अंगठा उठवतात. काकी पदराला हात पुसून नाव लिहितात, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. सोमवारी तहसीलला कोण कोण जायचं ते तिथेच ठरतं. एस. टी. सकाळी लवकर आहे, म्हणून कापणी रविवारीच उरकायची आणि ज्यांच्याकडे माणूस कमी त्यांच्या मळ्यात आधी सगळ्यांनी उतरायचं.